जुनी एम३ घेताना: ई४६ की ई९२?

बीएमडब्ल्यूच्या वापरलेल्या एम३ या स्पोर्टी गाड्यांमध्ये ई४६ आणि तिच्यानंतरची ई९२ या दोन पिढ्यांतून निवड करताना अनुक्रमे ३४३ आणि ४२० अश्वशक्तीची तुलना बाजूला ठेवून आधी प्रत्येकीचे दुखणे तपासावे. ई४६ लिफ्टवर चढवून मागच्या सबफ्रेमच्या (मागचे सस्पेन्शन पेलणाऱ्या सांगाड्याच्या) जोडांभोवती तळाच्या पत्र्याला तडे गेले आहेत का, हे बारकाईने पाहावे. तिथे नुकताच अंडरकोट (तळाला मारायचा संरक्षक थर) मारलेला असेल, तर अधिकच सावध राहावे, कारण त्याखाली तडे झाकलेले असू शकतात. ई९२च्या ४ लिटर व्ही८ इंजिनातील, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग्ज मात्र बाहेरून न दिसता झिजतात आणि निकामी झाली तर संपूर्ण इंजिनच हातचे जाऊ शकते, म्हणून ती बदलल्याचे बिल नसल्यास तो खर्च धरूनच किंमत ठरवावी. दोन्हींच्या सर्व्हिसच्या नोंदी सारख्याच चोख असतील, तर मी वजनाने हलकी असलेली ई४६ निवडेन.