ठाण्याहून निलगिरीपर्यंत घाटाघाटाने: गाडीच्या सहलीची आखणी अशी करा

डोंगरातली लांबची सहल म्हटली की ठाण्यातल्या माणसाला आधी हिमाचल-लडाख आठवतं. जरूर जा, पण स्वतःच्या गाडीने निघालात तर पहिला डोंगर दिसायच्या आधी दोन-तीन दिवस सपाट हायवेवर जातात, आणि परतताना पुन्हा तेवढेच. आपला सह्याद्री मात्र बोरघाटापासूनच सुरू होतो, कर्नाटकात मलनाड म्हणून भेटतो आणि तमिळनाडूत निलगिरीला जाऊन मिळतो. तीन राज्यं होतात, आणि पहिल्या दिवसानंतर रोज घाट.

आधी दिवस ठरवा

चिकमगळूरपर्यंत जाऊन यायला नऊ दिवस धरा, म्हणजे शनिवार ते पुढचा रविवार. ऊटी जोडायची असेल तर आणखी तीन. नकाशा किती किलोमीटर दाखवतो ते घाटात विसरायचं. तिथे सरासरी वेग ताशी तीस-पस्तीसच्या वर जात नाही. पुढे उसाची ट्रॉली किंवा एसटी असली तर तेवढाही नाही. त्यामुळे घाटातल्या दिवशी पाच तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. एवढे दोन नियम पाळले की बाकीची आखणी आपोआप बसते.

महिना ऑक्टोबर सर्वांत चांगला. दरडींचा धोका कमी झालेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि कॉफीची तोडणी दिसते, पण धबधबे रोडावलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा बेत करूच नका. आंबोली आणि आगुंबे ही देशातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणली जातात. तिथे तेव्हा धुकं आणि वायपर यापलीकडे काही दिसत नाही.

गाडी आणि कागद

सर्व्हिसिंग निघायच्या आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. नवीन काही बसवलं असेल तर त्याची खोड गावातच कळलेली बरी. ब्रेक पॅड उघडून बघायला सांगा आणि ब्रेक ऑइल किती जुनं आहे ते विचारा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी असा जुना टायर घाटात नेऊ नये. स्टेपनीचाही आकडा बघा, ती हमखास विसरली जाते.

खासगी गाडीला दुसऱ्या राज्यात जायला वेगळा परवाना लागत नाही. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतात, तरी झेरॉक्स ठेवा. जंगलाच्या पट्ट्यात नेट नसतं. ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला आहे, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा असल्यामुळे तिथला टोल वेगळा कापला जातो, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

घाटाची सवय नसेल तर आधीच्या एखाद्या रविवारी कल्याण-मुरबाड करत माळशेज चढून-उतरून या. उतरताना न्यूट्रल करायचं नाही. ज्या गियरमध्ये चढलात साधारण त्याच गियरमध्ये उतरा आणि वेग इंजिनाला धरू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवला की चाकांतून जळल्यासारखा वास येतो. तो आला की बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, पाणी मारू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नियमच आहे, उपकार नव्हे.

रस्ता

पहाटे पाचच्या आत निघा. ठाण्यातून कळवा-विटावा किंवा ऐरोली, मग ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे आणि पुढे कळंबोली. मुंब्रा बायपासने अंतर वाचेल असं वाटतं, पण कंटेनरच्या रांगेत ते वाचलेलं सगळं जातं. पहिला मुक्काम कोल्हापूर. साताऱ्यापुढे रस्त्याच्या कामांमुळे डायव्हर्जन लागतात, म्हणून आठ तास धरा.

दुसऱ्या दिवशी निपाणी-आजरा करत आंबोली. आजऱ्याला घनसाळ तांदूळ मिळतो, पण तो परतीला घ्या, आत्ता डिकी भरू नका. आंबोलीत हिरण्यकेशीचं उगमस्थान आणि कावळेसाद एवढं पुरे. तिसऱ्या दिवशी बेळगाव, हल्याळ, यल्लापूर करत शिरसी. हा दिवस लांबचा आहे, पण रस्ता बराचसा जंगलातून जातो आणि घाट सौम्य आहेत. बेळगावपर्यंत मराठीत भागतं, पुढे मोडकीतोडकी हिंदी आणि हातवारे.

चौथ्या दिवशी जोग. शरावती इथे २५३ मीटरवरून राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशा चार धारांनी खाली पडते. वर लिंगनमक्की धरण असल्यामुळे पाणी किती मिळेल ते त्या वर्षीच्या पावसावर. मुक्काम सागरला.

पाचवा दिवस या सहलीतला मला सर्वांत आवडणारा, आणि लोक तोच गाळतात. सागरहून तीर्थहळ्ळीकडे जाताना वाटेत नगर लागतं, म्हणजे जुनं बिदनूर. जिंजीकडे निघालेल्या छत्रपती राजाराम महाराजांना १६८९ मध्ये केळदीच्या राणी चन्नम्मांनी आश्रय दिला आणि त्यापायी औरंगजेबाच्या फौजेशी लढाई पत्करली. त्यांचं राज्य ते हे. १८२४ मध्ये इंग्रजांशी लढल्या त्या कित्तूरच्या चन्नम्मा वेगळ्या. इथल्या किल्ल्यात तास-दीड तास सहज जातो, आणि मराठी माणसाने तो घालवावाच. संध्याकाळपर्यंत आगुंबे. तिथला चौदा वळणांचा घाट किनाऱ्याकडे उतरतो. उडुपीला जायचं नसेल तर उतरू नका, वरूनच सूर्यास्त बघा आणि सकाळी शृंगेरीमार्गे चिकमगळूर गाठा.

चिकमगळूरला दोन रात्री हव्यात. एक दिवस मुळ्ळयनगिरीला, जे १,९३० मीटरचं कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे-तीनशे मीटर जास्त. शेवटचा रस्ता अरुंद आहे, तेव्हा शनिवार-रविवार टाळा.

निलगिरी जोडायची असेल तर

म्हैसूर, गुंडलुपेट, बंडीपूर, मग तमिळनाडू. बंडीपूरच्या जंगलातून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. २००९ पासूनची बंदी आहे, गेटवर गयावया करून उपयोग नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून निलगिरीसाठी ई-पास लागतो. तो ऑनलाइन मिळतो, घरूनच काढून ठेवा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना तिथे बंदी आहे, स्टीलच्या घ्या. थेप्पकाडूला दोन फाटे फुटतात. मसिनगुडीचा जवळचा, पण पुढे छत्तीस तीव्र वळणांचा कल्हट्टी घाट. गुडलूरचा लांबचा, तोच घ्या.

परती

डोंगर बघून झाले, आता महामार्ग ४८. चिकमगळूरहून चित्रदुर्गपाशी तो गाठून हुबळी किंवा बेळगाव, आणि दुसऱ्या दिवशी घर. कोकणातून मुंबई-गोवा महामार्गाने परतायचा मोह होईल, पण त्या रस्त्याच्या कामांबद्दल ठाणेकरांना मी काय सांगावं! रविवारी संध्याकाळी पुण्याहून येणारी सगळी गर्दी बोरघाटात उतरते. म्हणून शेवटच्या दिवशी बेळगावहून पहाटेच निघा आणि दुपारी दोनच्या आत लोणावळा मागे टाका.