सणासुदीच्या खाण्यापासून कुत्र्याला कसं जपाल?

चॉकलेट कुत्र्याला चालत नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत खरी गफलत होते ती बेदाणे-मनुकांची. बेसनाचा लाडू, चिवडा, शिरा, नाताळचा प्लम केक, कशातही ते असतात. गोकाकच्या करदंटात असले तर गुळाच्या पाकात दिसतही नाहीत. द्राक्षं असोत की बेदाणे, त्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. उलट्या बहुधा पहिल्याच दिवशी होतात, पण लघवी कमी होणं एक ते तीन दिवसांनी कळतं. म्हणून 'खाऊन खेळतोय की' म्हणत थांबू नका.

चॉकलेटचा मात्र हिशेब करता येतो. १० किलोच्या कुत्र्याला साधारण १०० ग्रॅम मिल्क चॉकलेट किंवा ४० ग्रॅम डार्क चॉकलेटनं त्रास सुरू होतो. कोको पावडर तर १०-१५ ग्रॅमही पुरे.

यात्रेच्या वशाटात, म्हणजे मटणाच्या जेवणात दोन धोके: शिजलेलं हाड आणि रस्सा. शिजलेलं हाड चावताना टोकदार तुटतं, घशात किंवा आतड्यात रुततं. रश्शातल्या कांदा-लसूण चटणीनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, तळून किंवा वाळवून हा दोष जात नाही. १० किलोच्या कुत्र्याला एका वेळी ५० ग्रॅम कांदाही बाधू शकतो. हिरड्या फिक्या पडायला तीन-चार दिवस लागतात, तोवर रश्शाची कुणाला आठवणही नसते. द्यायचंच असेल तर फोडणीआधी, मीठही न घालता उकडलेले बिनहाडाचे तुकडे बाजूला काढा.

खव्याचा कुंदा विषारी नाही. चिमूटभर चाटला तर फार काही होत नाही. वाटीभर खाल्ला तर जुलाब, क्वचित स्वादुपिंडाला सूज. मात्र 'शुगर-फ्री' मिठाई, च्युइंगमच्या पाकिटावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) किंवा त्याचा ९६७ हा आकडा आहे का बघा. १० किलोच्या कुत्र्याची साखर धोकादायक उतरायला त्याचा एक ग्रॅम पुरतो, तोही अर्ध्या-एक तासात.

फराळाचे डबे, भेटीचे खोके कपाटात वर ठेवा. पंगतीआधी कुत्र्याला त्याचं जेवण द्या, खरकट्याच्या बादलीवर झाकण हवंच. पाहुण्यांच्या पोरांना आधीच सांगून ठेवा. निम्मा लाडू त्यांच्याच हातून खाली जातो.

तरी खाल्लंच, तर काय, किती, कधी हे लिहा आणि वजन करा: कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग आपलं वजन वजा करा. पाकीट जपून ठेवून लगेच डॉक्टरांना फोन लावा. १९६२ ही जनावरांसाठीची हेल्पलाइन आहे, पण सणाच्या रात्री कोणता दवाखाना उघडा असतो ते आधीच विचारून ठेवा. बरेचदा पहिल्या दोन तासांत डॉक्टर उलटी करवू शकतात. मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं रक्तात सोडियम वाढून झटके येतात. कुत्रं गळून पडलं असेल किंवा थरथरत असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट गाडीत घाला.