फुप्फुसाचा बीपी आणि लोहाची कमतरता: या चुका टाळा

झाडीपट्टीतल्या तालुक्याच्या गावी माझी ओपीडी आहे. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेले, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शनचे रुग्ण तसे मोजकेच येतात. पण फाइल उघडली की चुका त्याच त्या.

हिमोग्लोबिन पाहून लोहाचा निकाल लावणं. या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण ती मीही केली आहे.

तेंदूपत्त्याचा हंगाम, मे महिना. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, ओठ-नखं निळी. जन्मतः हृदयात छिद्र होतं, वेळेत ऑपरेशन झालं नाही. फुप्फुसांतला दाब इतका वाढला की अशुद्ध रक्त छिद्रातून उलटं वाहू लागलं. याला आयझेनमेंगर म्हणतात. प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं. त्याचं हिमोग्लोबिन १९ होतं. मी मनात म्हटलं, १९ वाल्याला लोह कशाला? आणि डोकेदुखीची गोळी देऊन मोकळा झालो.

महिन्याभराने आई घेऊन आली. "साहेब, रक्त काढलं का आठ दिवस बरा रायते, मंग पुन्हा दम लागते." रक्त काढलं? तेव्हा कळलं, एका दवाखान्यात "रक्त घट्ट झालं" म्हणून दर तीन महिन्यांनी पिशवीभर रक्त काढत होते. एवढ्या हिमोग्लोबिनच्या ३५० मिली रक्ताबरोबर २०० मिलिग्रॅमच्या वर लोह जातं. जेवणातून दिवसाला शोषलं जातं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. हिशोब कुठून जुळणार? नागपूरहून रिपोर्ट आला, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ८. म्हणजे साठा जवळपास संपलेला.

रक्त काढणं बंद केलं. उन्हात राबणाऱ्याचं रक्त पाण्याअभावीही दाट दिसतं, म्हणून पाणी नीट प्यायला सांगितलं. लोह कमी मात्रेत सुरू केलं, दर दहा दिवसांनी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी), कारण अशा रुग्णात हिमोग्लोबिन भसकन वर चढू शकतं. निळेपणा जाणार नव्हता, गेला नाही. पण पायातले गोळे आणि डोकेदुखी थांबली. आता तो दर भेटीत विचारतो, "यावेळी काढाचं का रक्त?"

म्हणून माझ्याकडे नियम एकच: फुप्फुसांतला दाब वाढलेला रुग्ण असला, हिमोग्लोबिन कितीही असो, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे ते) आधी. २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनुसार फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे लोह कमी. अंगात ताप असताना तपासू नका. फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं.

"सलाईन लावा, ताकद येते." बाप्पा, हे वाक्य ऐकलं की माझंच बीपी वाढतं. या आजारात हृदयाची उजवी बाजू आधीच थकलेली असते. त्यात अर्धा-एक लिटर पाणी ओतलं की पाय सुजतात, पोट फुगतं, आणि रुग्ण थेट नागपूरच्या गाडीत. शिरेतून लोह द्यायचंच तर ते १०० मिलीत बसतं. तेही जिथे ऑक्सिजन आणि अॅड्रेनालिन हाताशी आहे तिथेच, कारण रिअॅक्शन सांगून येत नाही.

गोळ्या लागू पडत नाहीत ही तक्रार मात्र खरी आहे. यातल्या अनेक रुग्णांत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं, ते आतड्यातून लोह आत जाऊ देत नाही. मग शिरेतून द्यावं लागतं. पण उतावळ्या नवख्यांना वाटतं, सलाईन संपेपर्यंत रुग्ण धावू लागेल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत शिरेतून लोह देऊन १२ आठवड्यांनी पाहिलं, तर रुग्णांच्या व्यायामाच्या क्षमतेत म्हणावा तसा फरक नव्हता. हिमोग्लोबिनही कमी असेल तर लोह भरून काढाच. नुसतं फेरिटिन कमी असेल तर द्यायचं की नाही हे विचार करून ठरवा, आणि दिलं तरी फुप्फुसांतल्या दाबाची औषधं बंद करू नका.

सिकलसेल न तपासता लोह देणं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक आजार आपल्या भागात बराच आढळतो, म्हणून इथे हे अक्षम्य आहे. सिकलसेलमध्येही फुप्फुसांतला दाब वाढतो, हिमोग्लोबिनही कमीच असतं, पण वारंवार रक्त चढवलेल्याच्या अंगात लोह साचलेलं असतं. त्यावर लाल गोळ्यांचं पाकीट म्हणजे भरल्या कोठीत आणखी पोती.

किरकोळ, पण रोजच्या: गोळी चहाबरोबर घेणं. कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेणं. शौच काळं झालं म्हणून घाबरून सोडणं. मी एक दिवसाआड, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर देतो. पोट कमी दुखतं आणि लोक टिकतात.

बोसेंटान (फुप्फुसांतला दाब उतरवायचं औषध) सुरू केल्यावर हिमोग्लोबिन थोडं उतरतं, त्याच्यामागे लोह घेऊन धावू नका. आधी फेरिटिन पाहा.

आणि लोह गेलं कुठे, हे कोणीच विचारत नाही. बाईला पाळीत किती जातं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मूळव्याध आहे का, रोवणीला अनवाणी चिखलात उभी राहते का (आकडेकृमी तिथूनच चढतात). पातळ करायची गोळी चालू निघाली तर स्वतःच बंद करू नका, ज्याने लिहिली त्याला फोन लावा.