पोर्टलंडला नवीन आलायत? पहिल्या हिवाळ्याआधी ऑरेगन ट्रेल समजून घ्या

दर उन्हाळ्यात बीव्हरटन-हिल्सबरोकडे आपली नवीन कुटुंबं येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, लायसन्स, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), शाळेचा झोन, अपार्टमेंट. ती माहिती कुठेही मिळेल, त्यात मी शिरत नाही. मी लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. या राज्यात आपल्या आधी छपराच्या बैलगाड्यांतून माणसं कशी आली आणि वाटेत कशाने गेली हे इथे चौथीच्या पोरांना शाळेत शिकवतात, आपल्या मोठ्यांना मात्र त्याचा पत्ता नसतो, आणि मग आपले लोक त्याच डोंगरांत, त्याच वाटांवर अजून त्याच चुका करतात.

थोडक्यात सांगते. ऑरेगन ट्रेल म्हणजे मिझुरीहून ऑरेगनपर्यंत येणारी जुनी गाडीवाट. १८४३ ला हजारेक माणसं मिझुरीतल्या इंडिपेंडन्सच्या बाजूने एकत्र निघाली आणि मग १८६९ ला रेल्वे येईपर्यंत दरवर्षी लोक येतच राहिले. अंतर साधारण २,००० मैल, दिवसाला फार तर १५ मैल, म्हणजे चार ते सहा महिने. गाडी जेमतेम १० फूट लांब आणि ४ फूट रुंद, तिला स्प्रिंग नाहीत, आत पीठ, बेकन, कॉफी, अवजारं ठासून भरलेली, त्यामुळे बायका-पोरं बहुतेक सगळा रस्ता पायीच. एप्रिल-मेमध्ये बैलांना पुरेल इतकं गवत उगवलं की निघायचं आणि बर्फाआधी डोंगर ओलांडायचे. प्लॅट नदीच्या बाजूला सरपणाला झाडच नाही, तर बायसनच्या रानगोवऱ्या वेचून त्यावर स्वयंपाक.

सिनेमात दाखवतात तसे इथल्या मूळनिवासी (रेड इंडियन) लोकांचे हल्ले हे मरण्याचं मोठं कारण नव्हतं. कॉलरा होता, विशेषतः १८४९ ते १८५२ या काळात. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत गेलेला असायचा, वाटेतच पुरायचा आणि लांडग्यांनी उकरू नये म्हणून त्यावरून गाड्या न्यायच्या. बाकी मग नदी ओलांडताना बुडणं, स्वतःचीच बंदूक चुकून उडणं आणि चाकाखाली येणं. १८४४ ला कॅथरिन सेजर नावाची नऊ वर्षांची मुलगी चालत्या गाडीतून उतरताना तिचा झगा अडकला, पायावरून चाक गेलं आणि पाय मोडला. पुढे वाटेतच आधी वडील गेले, मग आई, आणि मागे सात भावंडं, त्यात धाकटं बाळ वाटेतच जन्मलेलं. बरोबरच्या लोकांनी ती मुलं व्हिटमन मिशन या मिशनऱ्यांच्या वस्तीपर्यंत आणून पोचवली. हे वाचलं की मला अजून कसंतरी होतं.

आता सामान. वाटेवरच्या फोर्ट लॅरमी या ठाण्याच्या आसपास येईपर्यंत बैल दमायचे आणि लोक लोखंडी चुली, कपाटं, आजीची पेटी सगळं रस्त्याकडेला टाकून पुढे जायचे. आपले लोक कुकर, पोळपाट, वर्षभराच्या डाळी आणि मसाले आणतात आणि एक्स्ट्रा बॅगेचे पैसे भरतात. इथे सगळं मिळतं. औषधं, चष्मे आणि कागदपत्रं आणा, बास.

खरा मुद्दा शॉर्टकटचा, आणि तो मी भेटेल त्याला सांगते. १८४५ ला सध्याच्या व्हेल गावापाशी स्टीफन मीक नावाचा वाटाड्या म्हणाला मला जवळचा रस्ता माहितीय, आणि जवळपास २०० गाड्या मुख्य वाट सोडून त्याच्या मागे पूर्व ऑरेगनच्या वाळवंटात गेल्या. पाणी नाही, वाट नाही, आठवडेच्या आठवडे भटकून शेवटी ऑक्टोबरमध्ये द डॅल्सला पोचले, वीसहून जास्त माणसं दगावली. पुढच्याच वर्षी डॉनर पार्टी नावाच्या टोळीने कॅलिफोर्नियाला जाताना हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने सुचवलेला शॉर्टकट घेतला. हेस्टिंग्जने तो सुचवला तेव्हा तो स्वतः त्या वाटेने कधी गाडी घेऊन गेला नव्हता, आणि वाट उलट लांबचीच निघाली. टोळीतल्या ८७ माणसांपैकी बहुतेक सगळी कॅलिफोर्नियातल्या सिएरा डोंगरांच्या बर्फात अडकली, आणि ८७ मधली जवळजवळ निम्मी गेली. त्यातून वाचलेल्या तेरा वर्षांच्या व्हर्जिनिया रीडने १८४७ ला चुलत बहिणीला पत्र लिहिलं, त्यात सल्ला दिलाय की शॉर्टकट कधी घेऊ नका आणि होईल तितकं भराभर पुढे या.

आज मीकच्या जागी फोनवरचा मॅप आहे. मेन हायवे बंद दिसला की तो जंगलातल्या फॉरेस्ट रोडवर घालतो, तिथे हिवाळ्यात कुणी बर्फ काढत नाही आणि फोनला रेंज नाही. ऑरेगनमध्ये याने माणसं गेलेली आहेत. आपल्यात एक फुशारकी असते, आयडाहोतल्या बॉइझीला सहा तासांत पोचलो, थांबलोच नाही, ती ऐकून नवीन मुलं डिसेंबरात ऑल सीझन टायरवर निघतात. आय-८४ पेंडलटन ते ला ग्रांड ब्लू माउंटन्समधून जातो, साधारण ट्रेलच्याच वाटेने, आणि बर्फात तो सरळ बंद करतात. बंद म्हणजे बंद, पेंडलटनला मोटेल घ्या आणि झोपा. निघण्याआधी ट्रिपचेक (रस्त्यांची स्थिती दाखवणारी राज्याची साइट) बघा, टायरला लावायच्या चेन्स डिकीत ठेवा आणि त्या घरीच एकदा लावून बघा, कारण काळोखात, हात गारठलेले असताना पहिल्यांदा जमत नाही. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, ब्लँकेट, पाणी, खायला काहीतरी. अडकलात तर गाडी सोडून चालत जायचं नाही, गाडी शोधणाऱ्यांना लवकर दिसते.

अजून एक, मुलांचा चौथीचा प्रोजेक्ट आला की नुसता कार्डबोर्डचा वॅगन करून देऊ नका. १८५० च्या जमिनीच्या कायद्याने इथे आलेल्या गोऱ्या नवरा-बायकोला मिळून ६४० एकर फुकट मिळायची, पण ती जमीन कुणाची होती हे मुलांना सांगा. आपण राहतो तो भाग मूळच्या कलापूया लोकांचा, त्यांच्याशी करार व्हायच्या आधीच वाटून टाकला. आणि ज्यांना सिनेमात खलनायक करतात त्यांनीच कितीतरी ठिकाणी गाड्यांतून येणाऱ्या लोकांना नदीपार नेलं, सामन मासे विकून जगवलं. पेंडलटनजवळ उमाटिला जमातींचं स्वतःचं तमास्टस्लिक्ट केंद्र आहे, तिथे त्यांच्या बाजूने सगळं मांडलंय. बेकर सिटीजवळच्या फ्लॅगस्टाफ हिलला गाड्यांच्या चाकोऱ्या जमिनीत अजून दिसतात.

एवढ्या लांब जमत नसेल तर माउंट हूडला जाताना हायवे २६ वर गव्हर्नमेंट कॅम्पच्या अलीकडे लॉरेल हिलला थांबा. १८४६ ला बार्लो रोड, म्हणजे माउंट हूडला वळसा घालणारी गाडीवाट, झाल्यावर या उतारावर झाडाला दोर गुंडाळून गाड्या हळूहळू खाली सोडायचे, आणि या रस्त्याचा गाडीमागे ५ डॉलर टोल वेगळा. गाडी लावायला जागा अगदी छोटी आहे, पायवाट थोडीशीच पण चढ उभा आहे. चप्पल घालून जाऊ नका, पावसात दगड फार निसरडे होतात.