इंग्लंडचे साधे उपनगर कसे पाहावे: पिनर ते रेनर्स लेन

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांचा मुक्काम बहुधा शहराच्या मध्यभागी नसतो. तो हॅरो, हाउन्स्लो, सटन किंवा इलफर्डसारख्या एखाद्या उपनगरात असतो. रोज गाडी पकडून आत जायचे, टॉवर ब्रिज आणि संग्रहालये पाहायची आणि संध्याकाळी मुक्कामाला परतायचे, असा क्रम ठरून जातो; ज्या वस्तीत आपण राहतो तिच्याविषयी मात्र ‘इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही’ एवढेच बोलले जाते. माझ्या मते तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. इंग्लंडमधील सामान्य नोकरदार कुटुंब कसे राहते, कशासाठी कर्ज काढते आणि कशाला जपते, हे राजवाड्यांपेक्षा या वस्त्यांतच नीट कळते. त्यासाठी एक दिवस राखून ठेवावा आणि काय पाहायचे हे ठरवून जावे.

पहिल्या भेटीसाठी लंडनच्या वायव्येकडील पिनर आणि त्याच्या दक्षिणेचे रेनर्स लेन ही जोडी मी सुचवेन. पिनर हे मूळचे गाव असून त्याच्याभोवती उपनगर वाढले आहे, तर रेनर्स लेन हे जवळजवळ सगळेच शेतजमिनीवर नव्याने उभे राहिलेले उपनगर आहे. दोन्ही ठिकाणे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाईनवर आणि भाड्याच्या पाचव्या झोनमध्ये येतात, परंतु हॅरो-ऑन-द-हिल स्थानकानंतर या मार्गाला फाटा फुटतो, हे लक्षात ठेवावे. जाताना बेकर स्ट्रीटहून वॉटफर्डची गाडी पकडावी. अक्सब्रिजची गाडी पिनरला जात नाही. परतताना रेनर्स लेनहून अक्सब्रिजकडून येणारी गाडी घ्यावी. गर्दीच्या वेळी काही जलद गाड्या लहान स्थानके वगळतात, म्हणून चढण्यापूर्वी फलाटावरील फलक वाचावा. जाण्यास साधारण अर्धा तास लागतो. तिकिटासाठी रांगेत उभे राहण्याची गरज नाही. कॉन्टॅक्टलेस बँककार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना फाटकावर टेकवले की पुरते. मात्र प्रत्येकाचे कार्ड वेगळे असावे आणि दोन्ही वेळा तेच वापरावे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपर्यंत भाडे जास्त असते, त्यामुळे त्यानंतर निघालेले बरे. शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी मार्ग बंद असू शकतात, तेव्हा आदल्या रात्री खात्री करून घ्यावी.

ऋतूचा विचार अवश्य करावा. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत घरांपुढच्या बागा फुललेल्या असतात आणि संध्याकाळ लांबते. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो आणि पडदे ओढलेल्या घरांखेरीज फारसे काही दिसत नाही.

निघण्यापूर्वी या वस्तीचा इतिहास थोडक्यात माहीत असावा, कारण येथील प्रत्येक रस्त्याचा आकार त्यातून ठरलेला आहे. १८६३ मध्ये जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू करणाऱ्या मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीने आपला मार्ग वायव्येकडे वाढवत नेला. १८८० मध्ये ती हॅरोला आणि १८८५ मध्ये पिनरला पोहोचली. रुळांसाठी घेतलेली जादा जमीन इतर रेल्वे कंपन्यांना विकून टाकावी लागे, परंतु या कंपनीला ती राखून ठेवण्याची व विकसित करण्याची मुभा मिळाली होती. तिने १९१९ मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनी काढली आणि ‘मेट्रोलँड’ या नावाने, लंडनच्या धुरापासून दूर, बाग असलेल्या घराची जाहिरात केली. कारकून, शिक्षक, दुकानातील व्यवस्थापक अशा माणसांनी गृहकर्ज काढून ती घरे घेतली आणि रेल्वेचा पासही काढला. म्हणजे कंपनीला जमिनीचे पैसे मिळाले आणि कायमचा प्रवासीही मिळाला. रेनर्स लेनचा थांबा १९०६ मध्ये सुरू झाला तेव्हा तो मोकळ्या माळावर होता, आणि तेथील बोचऱ्या वाऱ्यामुळे त्याला ‘न्यूमोनिया जंक्शन’ म्हणत. १९३० मध्ये तेथून वर्षाला सुमारे २२ हजार प्रवासी जात. १९३७ मध्ये ही संख्या ४० लाखांवर गेली. सात वर्षांत काय घडले, ते आपण पायी पाहणार आहोत.

पिनर स्थानकातून बाहेर पडल्यावर प्रथम हाय स्ट्रीट गाठावा. हा लहानसा चढाचा रस्ता वर सेंट जॉन द बॅप्टिस्ट या चर्चपाशी संपतो. चर्च १३२१ मध्ये समर्पित झाले आणि १३३६ मध्ये राजा तिसरा एडवर्ड याने गावाला जत्रेची सनद दिली; ही जत्रा आजही मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारच्या सुटीनंतर येणाऱ्या बुधवारी भरते आणि त्या दिवशी हा रस्ता वाहनांना बंद असतो. मुक्काम त्या सुमारास असेल तर भेट त्याच दिवशी ठेवावी. चर्चच्या आवारात एक उंच, निमुळती दगडी समाधी आहे, जिच्या मधल्या उंचीवर दगडी शवपेटीची टोके दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली दिसतात. जॉन क्लॉडियस लाउडन यांनी ती आपल्या आई-वडिलांसाठी उभारली. उपनगरातील घर आणि बाग कशी असावी यावर १८३८ मध्ये सविस्तर लिहिणारे हेच गृहस्थ, त्यामुळे उपनगर पाहायला निघालेल्याने येथे दोन मिनिटे थांबणे मला योग्य वाटते.

उतरताना हाय स्ट्रीटवरील जुन्या इमारतींची लाकडे नीट न्याहाळावीत, कारण पुढच्या फेरीत त्यांची आठवण लागणार आहे. क्वीन्स हेड या पबसारख्या जुन्या वास्तूंमध्ये तुळ्या आणि खांब घराचा भार पेलतात. ते एकसारखे नसतात, त्यांना बाक असतो आणि मधल्या भिंतीही सरळ रेषेत नसतात.

त्यानंतर मार्श रोडने दक्षिणेकडे चालू लागावे. अर्ध्या-पाऊण तासाची ही सपाट वाट आहे, आणि मुख्य रस्ता न सोडता चालले तर तिच्यातले सर्वांत चांगले हातचे निसटते. म्हणून फोनवरील नकाशा पाहत एखाद्या आतल्या, वळण घेत जाणाऱ्या गल्लीत शिरावे. येथे दोन-दोन घरे एका भिंतीने जोडलेली दिसतील, आपल्याकडच्या ट्विन बंगल्यांसारखी. प्रत्येक जोडीच्या दोन्ही बाजूंना परसात जाण्यापुरती वाट सोडलेली असते. पुढच्या बाजूला तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत गोलाईने पुढे आलेली खिडकी, तिच्यावर त्रिकोणी शिखर आणि त्या शिखरावर काळ्या लाकडी पट्ट्या ही १९३० च्या दशकाची खूण आहे. या पट्ट्या कशाचाही भार पेलत नाहीत. त्या विटांच्या भिंतीवर शोभेसाठी ठोकलेल्या आहेत. पिनरमधील खऱ्या तुळ्या पाहून आल्यावर हा फरक चटकन ओळखू येतो, आणि शहरातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कुटुंबाला जुन्या खेड्यातल्या घराची किती ओढ होती हेही उमजते.

मग दारांकडे पाहावे. मूळचे लाकडी दार टिकून असेल तर त्यावर शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काच असते, आणि तिच्यात बहुधा उगवत्या सूर्याचे किरण, एखादे फूल किंवा शिडाचे जहाज काढलेले असते. एकाच जोडीतील एका घराने ते जपलेले आणि दुसऱ्याने पांढरे प्लॅस्टिकचे दार बसवलेले, असे अनेकदा दिसते. छपराकडे पाहिले तर माळ्यावर खोली काढल्याने मागच्या उतारावर उभा राहिलेला चौकोनी भाग दिसेल; वाढत्या कुटुंबाने घर न बदलता जागा कशी मिळवली, ते त्यावरून समजते. पुढची बाग काढून तेथे फरशी घातली असेल तर फुटपाथची कड उतरती केलेली असते, म्हणजे त्या घराची गाडी तेथून आत जाते. दिव्याच्या खांबाला बांधलेला कागद दिसला तर तो जरूर वाचावा. शेजाऱ्याला बांधकाम वाढवायचे असल्यास कौन्सिल अशी सूचना लावून लोकांच्या हरकती मागवते.

वस्तीचे वय सांगणारी आणखी एक सोपी खूण म्हणजे तांबडी टपालपेटी. तिच्या दर्शनी भागावर, ती बसवली त्या काळातील राजाची किंवा राणीची आद्याक्षरे ओतलेली असतात. नुसते ‘जी आर’ असेल तर ती १९१० ते १९३६ या काळातील पाचव्या जॉर्जची. ‘जी’ आणि ‘आर’ यांच्यामध्ये रोमन सहाचा आकडा असेल तर सहाव्या जॉर्जची. ‘ई’ आणि ‘आर’ यांच्याबरोबर रोमन दोनचा आकडा असेल तर दुसऱ्या एलिझाबेथची. आठव्या एडवर्डने १९३६ मध्ये वर्षभराच्या आतच राज्यत्याग केल्यामुळे त्याच्या पेट्या फारच थोड्या आहेत. सापडलीच तर छायाचित्र घ्यावे. नातवंडे सोबत असतील तर पेट्या शोधण्यात त्यांचा वेळ उत्तम जातो.

छायाचित्रांविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. सार्वजनिक फुटपाथवर उभे राहून घरांचे छायाचित्र घेण्यास कायद्याने मनाई नाही, परंतु खिडकीतून आतले दिसेल असा कॅमेरा धरणे, एकाच घरासमोर रेंगाळणे किंवा मुलांची छायाचित्रे काढणे लोकांना आवडत नाही, आणि ते रास्तच आहे. दुपारी तीनच्या सुमारास शाळा सुटतात, तेव्हा शाळेच्या दारापाशी कॅमेरा पिशवीतच ठेवावा. फाटक उघडे असले तरी कोणाच्या पुढच्या बागेत पाऊल टाकू नये. बागेत काम करणाऱ्या वृद्ध गृहस्थांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणून त्यांच्या गुलाबांची मनापासून तारीफ केली, तर बोलणे पुढे जाते. सुरुवातीलाच घराची किंमत किंवा पगार विचारू नये. रस्ता ओलांडण्यासाठी काळ्या-पांढऱ्या खांबांवर लुकलुकणारे नारिंगी गोळे असलेली जागा शोधावी. हे दिवे १९३४ मध्ये वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या काळात आले आणि त्यांच्याच नावाने ओळखले जातात. तेथे पट्ट्यांवर पाऊल ठेवलेल्या माणसाला वाट देणे गाड्यांना बंधनकारक आहे, तरीही गाडी थांबल्याची खात्री करूनच पुढे जावे आणि चालकाला हात दाखवून आभार मानावेत.

जेवणाची आणि स्वच्छतागृहाची सोय पिनरमध्येच उरकून घ्यावी, हा ज्येष्ठांसाठी माझा आग्रहाचा सल्ला आहे. आतल्या गल्ल्यांत मैलभर चालूनही एक दुकान लागत नाही. मार्श रोडवर सार्वजनिक ग्रंथालय आहे, आणि स्थानकापासून जवळच्या पिनर मेमोरियल पार्कमध्ये बसायला बाके, तळे आणि व्यंगचित्रकार हीथ रॉबिन्सन यांचे लहान संग्रहालय आहे. पबमध्ये जायला संकोच करू नये. दारू न घेणारे, मुलेबाळे असलेले लोकही तेथे दुपारचे जेवायला जातात. मात्र बऱ्याच पबमध्ये वेटरची वाट न पाहता काउंटरवर जाऊन मागणी नोंदवावी लागते आणि टेबलाचा क्रमांक सांगावा लागतो. रविवारच्या दुपारी आधी जागा राखून ठेवणे बरे.

रेनर्स लेनला पोहोचल्यावर स्थानकाची इमारत बाहेरून पाहावी. चार्ल्स होल्डन यांच्या आराखड्यानुसार १९३८ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू म्हणजे उंच काचा आणि सपाट काँक्रीटचे छत असलेली विटांची मोठी चौकोनी पेटी आहे. भोवतालच्या घरांनी जुन्या खेड्याचा भास निर्माण केला, आणि त्याच लोकांना रोज कामावर नेणाऱ्या स्थानकाने मात्र नव्या काळाचे रूप घेतले. हा विरोध मला या उपनगरातील सर्वांत बोलका भाग वाटतो. शेजारच्या दुकानांच्या ओळीत वर सदनिका आणि खाली औषधे, केशकर्तनालय, धर्मादाय संस्थेचे जुन्या वस्तूंचे दुकान असा नेहमीचा संसार आहे, आणि जोडीला श्रीलंकेतील तमिळ कुटुंबांची वाणसामानाची दुकानेही आहेत. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा आणि नारळ घ्यायचे असतील तर परतण्यापूर्वी येथेच घ्यावेत.

अलेक्झांड्रा अव्हेन्यूवर थोडे दक्षिणेला गेले की, हत्तीच्या सोंडेसारखा बाक खाली उतरत आलेली एक दर्शनी भिंत लक्ष वेधून घेते. एफ. ई. ब्रोमिज यांनी रचलेले हे ग्रॉव्हनर चित्रपटगृह १९३६ मध्ये उघडले. आज ते झोरोस्ट्रियन सेंटर, म्हणजे ब्रिटनमधील पारशी समाजाचे केंद्र आहे. दादर किंवा ग्रँट रोडची पारशी वस्ती पाहिलेल्या माणसाला येथे ओळखीचे वाटेल. हे धार्मिक व सामाजिक कामकाजाचे चालू ठिकाण असल्यामुळे ते बाहेरूनच पाहावे. आत जायचे असल्यास आधी विचारणा करावी.

पाय दुखत नसतील आणि वार शनिवार-रविवार असेल, तर परतताना वेम्बली पार्कला गाडी बदलून ज्युबिली लाईनने दोन स्थानके पुढे डॉलिस हिलला उतरता येते. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू तेथे, अशाच साध्या घरांच्या रस्त्यावर आहे. कार्यक्रम नसताना ती बंद असण्याची शक्यता असते, म्हणून गणेशोत्सव, दिवाळी किंवा नाटकाचा प्रयोग केव्हा आहे हे आधी पाहून त्या दिवसाशी ही फेरी जुळवावी, आणि कार्यक्रमाला प्रवेशिका लागत असल्यास ती अगोदरच काढून ठेवावी.