स्ट्युअर्ट आडनावाचा माग काढताना या चुका टाळा

स्ट्युअर्ट म्हटले की स्कॉटलंडचे राजघराणे आठवते. पण आडनाव एक म्हणून घराणेही एकच धरले, की पुढचा सगळा शोध भरकटतो.

हे आडनाव पदावरून आले आहे. जुन्या इंग्रजीतला 'स्टिगवेअर्ड' म्हणजे वाड्याचा कारभार पाहणारा. पहिल्या भागाचे 'स्टाय'शी, म्हणजे डुकरांच्या खुराड्याशी, साम्य पाहून 'डुकरे राखणारा' असा अर्थ छातीठोकपणे सांगितला जातो, पण जुन्या लेखनात हा शब्द येतो तो घरातल्या अधिकाऱ्यासाठीच. स्कॉट उच्चारात शेवटचा ड कठोर होऊन ट झाला.

राजघराण्याचा मूळपुरुष वॉल्टर फिट्झ अ‍ॅलन हा ब्रेटन वंशाचा. बाराव्या शतकात तो स्कॉटलंडच्या राजाचा हाय स्ट्युअर्ड, म्हणजे मुख्य कारभारी, झाला आणि पद वंशपरंपरेने चालले. सहाव्या हाय स्ट्युअर्डने १३१५ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसच्या मुलीशी, मार्जरीशी लग्न केले. त्यांचा मुलगा १३७१ मध्ये रॉबर्ट दुसरा म्हणून गादीवर आला. मात्र कारभारी मोठ्या जहागिरींवरही असत आणि त्यांच्या वंशजांनाही हेच नाव चिकटले. शिवाय १६०३ मध्ये मॅकग्रेगर या स्कॉटिश कुळाच्या नावावर बंदी आली, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी स्ट्युअर्ट हे नाव घेतले. त्यामुळे कागदाचा पुरावा नसेल तर राजवंशाशी नाते जोडू नका.

मराठीत लिहिताना एक खास घोटाळा होतो. 'ई-डब्ल्यू'चे (Stewart) आणि नुसत्या 'यू'चे (Stuart) स्पेलिंग देवनागरीत एकच दिसते. 'यू'चे स्पेलिंग फ्रान्समध्ये वाढलेल्या स्कॉटलंडच्या राणी मेरीमुळे रूढ झाले. टिपणात रोमन स्पेलिंग उतरवून ठेवा, पण शोधताना त्याला बांधून राहू नका. एकाच कुटुंबाच्या नोंदींत दोन्ही सापडतात. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर 'एसटी', मग तारांकन, मग 'आरटी' टाकले तर दोन्ही रूपे येतात. 'स्ट्युअर्ड' सुटतो, त्याचा शोध वेगळा घ्या. तिथली नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासूनची. त्याआधीच्या काळासाठी चर्चची दफ्तरे पाहावी लागतात. विवाहित बाईची नोंद माहेरच्या नावानेही तपासा.

नामवंतांच्या यादीत नाव आणि आडनाव यांची सरमिसळ फार. स्टुअर्ट ब्रॉडचे आडनाव ब्रॉड. नट स्ट्युअर्ट ग्रेंजरचे खरे नाव जेम्स स्ट्युअर्टच होते. त्याच नावाचा अमेरिकन नट आधीच प्रसिद्ध असल्याने त्याने ते बदलले. जन्मस्थळही गृहीत धरू नका. तीनदा फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद जिंकणारा जॅकी स्ट्युअर्ट (१९६९, १९७१, १९७३) स्कॉटलंडचा, पण गायक रॉड स्ट्युअर्टचा जन्म लंडनचा आणि नट पॅट्रिक स्ट्युअर्टचा यॉर्कशायरमधल्या मर्फील्डचा. यष्टिरक्षक अ‍ॅलेक स्ट्युअर्टची जन्मतारीख ८-४-६३ आणि कसोटी धावा ८४६३. ही थाप वाटते, पण खरी आहे.

घराण्याचे म्हणून विकले जाणारे बोधचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) घेऊ नका. स्कॉटिश कायद्यात ते आडनावाचे नसते, एका व्यक्तीचे असते.

आणि मराठी साधनांत 'स्ट्युअर्ट' शोधून हात हलवत परतू नका. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, जानेवारी १७७९ मध्ये, कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्ट्युअर्ट तिथे 'इष्टुर फाकडा' या नावाने भेटतो.