एका वाटीचा पियानो : हवेवर वाजणारं यंत्र घरी बनवून समजून घ्या

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतो. खस बदलली जाते, पंप तपासला जातो, आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "मागची ताटी नीट बसव, नाहीतर गार हवा येणार नाही." कूलरचा पंखा आतली हवा बाहेर फेकतो. आत हवा किंचित विरळ होते आणि बाहेरची हवा ओल्या ताटीतून आत शिरते. ताटी सैल असली तर ती फटीतून शिरते आणि खस नुसतीच ओली राहते.

स्वतःहून वाजणारा पियानो, म्हणजे प्लेयर पियानो, याच तत्त्वावर चालतो. त्याला वीज लागत नाही. माणूस खुर्चीवर बसून दोन पायटे मारतो, छिद्रं पाडलेला कागद एका गुंडाळीवरून दुसऱ्या गुंडाळीवर सरकतो आणि पट्ट्या आपोआप खाली जातात. माणूस तिथे हवा विरळ करत असतो, बाकी सगळं काम बाहेरची हवा करते. हे वाचून पटतं, पण हाताला समजत नाही. म्हणून मी एका सुराची यंत्रणा घरी बनवली. पियानोच्या तारेऐवजी स्टीलची वाटी ठेवली. तुम्हीही बनवा. दोन रविवार पुरतात.

आधी थोडा इतिहास. छिद्रांनी यंत्राला हुकूम देण्याची कल्पना मागावरची. आपलं गाव विणकरांचं, त्यामुळे जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, छिद्रांची पुठ्ठी इथे अनेकांनी जवळून पाहिली असतील. जॅकार्डचा माग 1804 च्या सुमाराचा. फ्रान्समध्ये फुर्नो यांनी 1863 मध्ये हवेवर पियानो वाजवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. अमेरिकेत एडविन व्होटी यांनी 1895 मध्ये 'पियानोला' तयार केला. तो पियानोसमोर ठेवायचं कपाट होता आणि लाकडी बोटांनी पट्ट्या दाबायचा. पुढे ही सगळी यंत्रणा पियानोच्या पोटातच बसवू लागले. 1908 मध्ये अमेरिकेतल्या कारखानदारांनी रोलचं माप ठरवलं : सव्वाअकरा इंच रुंद कागद, इंचाला 9 छिद्रं, पूर्ण 88 सूर. तेव्हापासून एका कंपनीचा रोल दुसऱ्या कंपनीच्या पियानोवर चालू लागला.

सामान

6 मिलिमीटर प्लायवूडचे दोन तुकडे, 10 सेंटीमीटर लांब आणि 4 रुंद. नागपुरातल्या लकडगंजात कुठल्याही दुकानात कापताना उरलेले तुकडे मिळतात. जुन्या पातळ रेनकोटचं कापड. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, तीन-चार मीटर. माशांच्या टाकीला लावतात ती बारीक नळी दोन मीटर आणि तिचा एक टी-जोड. बाटल्यांची दोन प्लास्टिकची झाकणं. फिरकीच्या झाकणाची एक बुटकी, जाड बरणी. रंगाचा रिकामा, घट्ट झाकणाचा डबा. स्लिपरच्या तळाचा तुकडा, डॉक्टरी हातमोजा, फेव्हिकॉल, एम-सील. आणि हवा ओढायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर.

पहिली पायरी : भाता

बाजाच्या पेटीचा भाता पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. दोन्ही प्लाय एकमेकांवर ठेवा आणि एका टोकाला कापडाची बिजागरी चिकटवा. दुसरं टोक 3 सेंटीमीटर उघडं धरून तिन्ही बाजूंनी रेनकोटचं कापड चिकटवा. बाजूच्या घड्या आत वळल्या पाहिजेत, म्हणून फेव्हिकॉल ओला असतानाच बोटाने आत दाबून घ्या. खालच्या प्लायला छिद्र पाडून लेव्हलच्या नळीचा तुकडा बसवा.

रात्रभर वाळू द्या. मग नळीतून तोंडाने हवा ओढा, भाता मिटला की जिभेने नळी बंद करा. दहा सेकंद मिटलेला राहिला तर काम चोख झालं. हळूहळू उघडला तर कुठेतरी गळती आहे. कडेकडेने पुन्हा फेव्हिकॉल फिरवा.

एक फरक लक्षात ठेवा. आपली पेटी हवा दाबून चालते : भाता हवा आत ढकलतो आणि ती सुरांमधून बाहेर पडते. प्लेयर पियानोत हवा उलट दिशेने जाते. पायट्याचे भाते ती ओढून बाहेर टाकतात. पेटीच्या आतल्या भात्याला स्प्रिंग असते, ती साठलेल्या हवेवर दाब ठेवते. पियानोच्या साठ्याच्या भात्यालाही स्प्रिंग असते, पण ती भाता उघडायला बघते. त्यामुळे पाय क्षणभर थांबला तरी ओढ चालू राहते.

दुसरी पायरी : ओढ तयार करणं आणि मोजणं

रंगाच्या डब्याच्या झाकणाला तीन छिद्रं पाडा : एक व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपासाठी, एक लेव्हलच्या नळीसाठी आणि तिसरं, चांगलं दोन इंचांचं, मोकळं. हे मोकळं छिद्र फार महत्त्वाचं. क्लीनरची ओढ आपल्या कामासाठी खूप जास्त असते, आणि वाहत्या हवेशिवाय त्याची मोटर तापते. मोकळ्या छिद्रावर पुठ्ठा सरकवून ओढ कमी-जास्त करायची. ते पूर्ण कधीच झाकायचं नाही.

आता लेव्हलच्या नळीचा यू आकार करून फळीवर बांधा, प्रत्येक बाजू 60 सेंटीमीटर. त्यात कुंकू घातलेलं पाणी निम्म्यापर्यंत भरा. एक टोक डब्याला जोडा, दुसरं उघडं ठेवा. क्लीनर सुरू केला की एका बाजूचं पाणी चढेल, दुसऱ्या बाजूचं उतरेल. दोन्ही पातळ्यांमधलं अंतर म्हणजे तुमची ओढ. 25 सेंटीमीटर फरक येईल इतका पुठ्ठा सरकवा. सुरुवात मात्र छिद्र पूर्ण उघडं ठेवून करा, नाहीतर पाणी क्लीनरमध्ये जाईल.

या 25 सेंटीमीटरांचा हिशोब करून पाहा. एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक ग्रॅम. आपल्या भात्याचं फळकूट 40 चौरस सेंटीमीटरचं. म्हणजे बाहेरची हवा त्यावर एक किलोने दाबते. एक टोक बिजागरीला असल्यामुळे मोकळ्या टोकाला त्याच्या निम्मं, अर्धा किलो मिळतं. पियानोची पट्टी हलक्या हाताने खाली जायला साधारण 50 ग्रॅम लागतात. आणि हे सगळं हवेच्या एकूण दाबाच्या चाळिसाव्या हिश्श्यावर. पहिल्यांदा हा आकडा कागदावर मांडला तेव्हा मी पुन्हा पुन्हा तपासला होता.

तिसरी पायरी : आधी चुकीची जोडणी करून पाहा

ही पायरी गाळू नका. टी-जोडाचं एक टोक ओढीला, म्हणजे डब्याला, आणि एक भात्याला जोडा, तिसऱ्याला हातभर बारीक नळी लावून तिचं तोंड उघडं ठेवा. ओढीकडची नळी कपड्यांच्या चिमट्याने थोडी दाबून ठेवा. तोंडावर बोट ठेवलं की भाता मिटतो, बोट काढलं की उघडतो.

म्हणजे कागदाने छिद्र झाकलं की सूर वाजेल आणि छिद्र उघडलं की थांबेल. पियानोत हवं आहे याच्या नेमकं उलट. शिवाय भात्यातली सगळी हवा त्या बारीक नळीतूनच आत-बाहेर होते, म्हणून हालचाल सुस्त. या दोन्ही अडचणी एकच वस्तू सोडवते : झडप. प्लेयर पियानोचा जीव तिच्यात आहे.

चौथी पायरी : झडप

बरणीच्या तळाला आतून बाटलीचं एक झाकण उताणं, तोंड वर करून, एम-सीलने बसवा. तळाला छिद्र पाडून बारीक नळी या झाकणाच्या पोटात आणा. झाकणाच्या तोंडावर हातमोज्याच्या रबराचा तुकडा सैलसर चिकटवा. तो ताणायचा नाही, मधे थोडा झोळ हवा. हा झाला पडदा. खऱ्या पियानोत तो अतिशय पातळ चामड्याचा असतो.

आता झाकणाच्या बाजूला, पडद्याच्या खाली, तापवलेल्या सुईने एक छिद्र पाडा. एक मिलिमीटरपेक्षा लहान. हे झिरपछिद्र.

बरणीच्या फिरकीच्या झाकणात, पडद्याच्या बरोब्बर वर, 10 मिलिमीटरचं गोल छिद्र पाडा आणि त्यावर बाहेरून बाटलीचं दुसरं झाकण पालथं चिकटवा. या दुसऱ्या झाकणाच्या डोक्यालाही 10 मिलिमीटरचं छिद्र, आणि कुशीत एक छिद्र पाडून भात्याची नळी. चिकटवण्यापूर्वी त्याच्या पोटात स्लिपरच्या तळाचा 16 मिलिमीटर व्यासाचा गोल तुकडा ठेवा. त्याची उंची इतकी ठेवा की वर-खाली फक्त दोन मिलिमीटर हलेल. तुकड्याच्या मधोमध उदबत्तीची काडी घट्ट खुपसा. ती खालच्या छिद्रातून बरणीत उतरून पडद्याच्या अगदी जवळ, पण टेकणार नाही अशी थांबली पाहिजे. काडीच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली चिकटवा, म्हणजे पडदा फाटणार नाही. दोन्ही गोल छिद्रांच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा.

बरणीला बाजूने ओढीची नळी जोडा. आता आत काय होतं ते सावकाश पाहा.

बारीक नळीचं तोंड बंद आहे. बरणीत हवा विरळ. झिरपछिद्रातून पडद्याखालची हवाही हळूहळू विरळ झाली. पडद्याच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून तो निवांत. स्लिपरचा तुकडा खालच्या छिद्रावर बसलेला, त्यामुळे ओढ भात्यापर्यंत पोचत नाही. वरचं छिद्र उघडं, म्हणून भात्यात बाहेरची हवा.

आता तोंडावरचं बोट काढा. बाहेरची हवा नळीतून पडद्याखाली येते. झिरपछिद्र ती ओढून घेण्याचा प्रयत्न करतं, पण ते इतकं लहान की त्याचं काही चालत नाही. पडदा फुगतो, काडी उचलतो, तुकडा वर जाऊन वरचं छिद्र बंद करतो आणि खालचं उघडतो. भात्यातली हवा मोठ्या वाटेने बरणीत खेचली जाते. भाता फटकन मिटतो.

पुन्हा बोट ठेवा. पडद्याखाली अडकलेली हवा झिरपछिद्रातून निघून जाते, तुकडा खाली पडतो, भाता उघडतो. नळीतून आलेला हवेचा फुंकरभर झोत अर्धा किलोचा जोर सोडतो. पियानोत अशा 88 झडपा आणि 88 भाते, बहुधा तीन ओळींत एकावर एक रचलेले असतात.

झिरपछिद्राच्या मापात मी दोनदा चुकलो. पहिल्यांदा सुई जास्त तापली आणि छिद्र दोन मिलिमीटरचं झालं. नळीतून आलेली हवा तितक्याच वेगाने निघून जायची, पडदा उठेचना. दुसऱ्यांदा टाचणीच्या टोकाएवढं केलं : सूर वाजला, पण थांबायला उशीर. लागोपाठचे ठोके एकमेकांत मिसळून गेले. तुमचं यंत्र नीट चाललं नाही तर आधी हे छिद्र पाहा, मग वाटेतल्या गळत्या. पडदा तुकड्याखालच्या छिद्रापेक्षा बराच मोठा हवा, हेही तपासा. ओढ तुकड्याला खाली धरून ठेवते, तिच्यावर पडद्याने मात करायची असते.

एक नागपुरी सूचना. हातमोज्याचं रबर मे महिन्यात टिकत नाही. माझं मॉडेल वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत महिनाभर राहिलं, उघडलं तेव्हा पडदा चिकट होऊन झाकणाला लागलेला. वापर झाला की बरणी घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा आणि दरवर्षी पडदा बदला.

पाचवी पायरी : वाटी आणि कागद

भात्याच्या मोकळ्या टोकाला दोरा बांधून त्याने एक पेन्सिल ओढा. पेन्सिल मधे खिळ्यावर तरफेसारखी झुलू द्या, तिचं दुसरं टोक उपड्या वाटीवर पडावं. टोकाला कापडाची चिंधी गुंडाळली तर आवाज गोड येतो. ठोका देऊन टोक लगेच मागे आलं पाहिजे, नाहीतर वाटीचा नाद दबतो. पियानोतला हातोडाही तारेला स्पर्श करून लगेच परततो.

बारीक नळीचं तोंड एका गुळगुळीत, किंचित गोलाकार लाकडाच्या पट्टीत बसवा, पट्टीशी अगदी सपाट. पियानोत इथे पितळेची ट्रॅकर पट्टी असते, तिच्यात 88 छिद्रं. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पट्टी तिच्यावरून ओढा. ओढीमुळे कागद आपोआप पट्टीला चिकटून राहतो.

खऱ्या पियानोत कागदही हवाच सरकवते : लहान भाते आळीपाळीने मिटून एक दांडा फिरवतात. पायटे जोरात मारले तर आवाज वाढावा पण लय पळू नये, म्हणून त्या मोटरीला वेगळा नियंत्रक असतो. रोलवर 'टेम्पो 70' छापलेलं असेल तर कागद मिनिटाला 7 फूट सरकतो, म्हणजे सेकंदाला साडेतीन सेंटीमीटर.

हाच वेग आपण धरू. मात्रा एका सेकंदाची, म्हणून कागदावर दर साडेतीन सेंटीमीटरला पेन्सिलीने खूण करा. त्रितालाच्या सोळा मात्रांना 56 सेंटीमीटर कागद लागतो. ऑफिसच्या पंच मशीनने पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर एकेक छिद्र पाडा. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, शेजारी शेजारी दोन छिद्रं मिळवून लांबट केलं तर भाता पूर्ण मिटतो आणि तो ठोका ठसठशीत येतो. कागदाची दोन टोकं जोडून गोल करा, घड्याळाकडे बघत एकसारखा ओढत राहा. वाटी त्रितालाच्या टाळ्या देऊ लागेल. नवव्या मात्रेला कागद कोरा आहे, तिथे तालातली 'खाली', म्हणजे टाळी नाही.